सहमत असल्यास येथे दाबा

तंत्रज्ञान, लोकशाही आणि बड्या कंपन्या या तीन विषयांवर मत नसलेला प्रौढ मराठी माणूस अद्याप कोणाच्या पाहण्यात आलेला नाही. ही मते लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या दाराशी, दवाखान्याच्या बाकावर आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत न मागता मिळतात, आणि त्यांचा आशय सर्वसाधारणपणे असा असतो की या कंपन्यांनी आपल्याला विकत घेतले आहे, आपले सगळे बोलणे त्यांच्या कानावर जाते, सरकार झोपलेले आहे आणि आता लोकांनीच जागे व्हायला हवे. हे मत ज्या फोनवर लिहिले जाते, त्याच फोनवर थोड्या वेळापूर्वी एखाद्या विजेरीच्या ॲपने संपर्कयादी, छायाचित्रे, ध्वनिमुद्रण आणि ठावठिकाणा यांची परवानगी मागितलेली असते, आणि मतधारकाने अंधारात चप्पल सापडत नसल्यामुळे ती तत्काळ देऊन टाकलेली असते. मत आणि संमती या दोन गोष्टींत अभ्यासकांनी गल्लत करू नये. मत देण्यासाठी माणूस वेळ काढतो. संमती देण्यासाठी त्याच्याकडे वेळ नसतो.

ज्या दस्तऐवजाला ही संमती दिली जाते त्यास ‘वापराच्या अटी व शर्ती’ असे म्हणतात. हा सेवा देणारी कंपनी व ती वापरणारा ग्राहक यांच्यातील करार असून, एका पक्षाने तो लिहायचा आणि दुसऱ्याने शेवटपर्यंत सरकवत न्यायचा, अशी त्याची श्रमविभागणी असते. ब्रिटनमधील गेमस्टेशन या व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानदारांनी १ एप्रिल २०१० रोजी आपल्या संकेतस्थळावरील अटींत एक कलम घुसडले, ज्यानुसार खरेदी करणारा ग्राहक आपला अमर आत्मा कंपनीच्या स्वाधीन करीत होता. सुमारे ७,५०० ग्राहकांनी तो केला. कलम वाचून नकार देणाऱ्यास पाच पौंडांची सूट ठेवलेली होती, यावरून आत्म्याचा बाजारभाव निश्चित करण्याची सोय झाली. भारतीय तत्त्वज्ञानात आत्मा अनेक जन्म घेत असल्याने असा करार आपल्याकडे नेमका किती जन्म लागू राहील, हा प्रश्न विधिज्ञांसाठी खुला आहे.

या विषयावर घरोघरी जो संवाद होतो त्याचे स्वरूपही बऱ्यापैकी निश्चित झालेले आहे. मुलगी म्हणते, “बाबा, दाबण्याआधी वाचा तरी.” बाबा म्हणतात, “वाचून काय करू? ‘मान्य नाही’ असं बटण आहे का?” मुलगी पाहते आणि सांगते, “आहे. पण ते दाबलं की ॲप बंद होतं.” यावर बाबा ‘मान्य आहे’ दाबतात, आणि त्यानंतर पाऊण तास देशात लोकशाही उरलेली नाही या विषयावर बोलतात. या दोन कृतींत त्यांना स्वतःला कोणतीही विसंगती जाणवत नाही, आणि थोडा विचार केला तर ती फारशी नाहीही.

अशा संमतिशील समाजाला २०१५ साली चक्क मत विचारण्यात आले. विचारणारी संस्था होती भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, अर्थात इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ट्राय’. १९९७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम फोन कंपन्यांचे दर व वर्तन यांवर लक्ष ठेवण्याचे असून, एखादा नियम करण्यापूर्वी ती ‘कन्सल्टेशन पेपर’ काढते, म्हणजे विषयाची साधकबाधक माहिती देऊन शेवटी प्रश्न विचारणारी एक पत्रिका, जिच्यावर कंपन्या, संघटना आणि कोणीही नागरिक यांनी ठरावीक मुदतीत लेखी उत्तरे पाठवायची असतात. २७ मार्च २०१५ रोजी निघालेली पत्रिका ११८ पानांची होती, तिच्यात २० प्रश्न होते, आणि तिची इंग्रजी वाचताना वाचकास आपण काही गुन्हा केला आहे की काय असे वाटत असे. विषय मात्र प्रत्येकाच्या खिशातला होता. व्हॉट्सॲप किंवा स्काइपसारख्या सेवा फोन कंपन्यांच्या जाळ्यावरून चालतात, पण त्या कंपन्यांना निराळे भाडे देत नाहीत. लोक फोन व एसएमएस सोडून या सेवांकडे वळल्यामुळे फोन कंपन्या व्यथित झाल्या होत्या, आणि एअरटेलने डिसेंबर २०१४ मध्ये इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर जाहीर करून, ओरड होताच तो मागेही घेतला होता.

येथे ‘नेट न्यूट्रॅलिटी’ ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकी कायदेपंडित टिम वू यांनी २००३ साली रूढ केलेल्या या संज्ञेचा अर्थ असा की इंटरनेट पोहोचवणाऱ्या कंपनीने त्यावरून काय जाते यात भेदभाव करू नये. वीज देणारी कंपनी मिक्सर अमुक कंपनीचा असेल तर स्वस्त व तमुक कंपनीचा असेल तर महाग दर लावत नाही, त्याच न्यायाने एका संकेतस्थळाला मोकळी वाट आणि दुसऱ्याला अडथळे असे करू नये. तत्त्व इतके सरळ आहे की ते समजावून सांगायला ११८ पाने का लागावीत हे कळत नाही. अर्थात आपल्याकडे सोसायटीत कुत्र्यांना लिफ्टने नेण्याविषयीची सूचनाही दीड पानाखाली येत नाही.

पत्रिका कोणी वाचली नाही. याबद्दल कोणालाही दोष देता येणार नाही, कारण वाचण्याची गरजच उरली नाही. नेट न्यूट्रॅलिटीच्या काही तळमळीच्या कार्यकर्त्यांनी ती वाचून वीसही प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि असे संकेतस्थळ उघडले, जेथून ती उत्तरे आपल्या नावाने ट्रायला धाडता येत. ११ एप्रिलला एआयबी या विनोदवीरांच्या मंडळाने त्यावर एक व्हिडिओ काढला, आणि पाहता पाहता दहा लाखांहून अधिक ई-मेल दिल्लीत जाऊन आदळले. ज्या नागरिकाला बँकेच्या अर्जावर ‘नॉमिनी’चा रकाना भरताना घाम फुटतो, त्याने दूरसंचार परवान्यांच्या रचनेवर सुबक, मुद्देसूद, परिच्छेदवार इंग्रजीत आपले म्हणणे मांडले, आणि शेजारच्या नागरिकाचे म्हणणे स्वल्पविरामासह तंतोतंत तेच निघाले. एवढे वैचारिक ऐक्य या देशात पूर्वी फक्त क्रिकेटचा सामना हरल्यावर दिसत असे.

ट्रायने या मतांचा आदर केला, आणि तो जरा जास्तच केला. २७ एप्रिल रोजी तिने आलेले सर्व प्रतिसाद पारदर्शकतेच्या तत्त्वानुसार आपल्या संकेतस्थळावर टाकले, पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट. इंटरनेटवरील आपला अधिकार अबाधित राहावा म्हणून ज्या दहा लाख लोकांनी लेखणी, किंवा निदान अंगठा, उचलला होता, त्यांचे पत्ते आता जगातील कोणत्याही जाहिरातदारास विनासायास उपलब्ध झाले. त्याच दिवशी ट्रायचे संकेतस्थळही बंद पडले. पारदर्शकतेचा इतका संपूर्ण आविष्कार शासकीय इतिहासात विरळाच: पत्ते सर्वांना दिसत होते आणि संकेतस्थळ कोणालाच दिसत नव्हते.

याच सुमारास नागरिकाच्या हाती आणखी एक शस्त्र आले, ते म्हणजे एक तारा. ॲपला एक ते पाच तारे देऊन मत नोंदवता येते, आणि एक तारा देणे हा या काळातील सत्याग्रह होय; त्यासाठी तुरुंगात जावे लागत नाही व जेवणाची वेळही चुकत नाही. एअरटेलने एप्रिल २०१५ मध्ये ‘एअरटेल झिरो’ नावाची योजना आणली, जिच्यात ॲपचा मालक डेटाचे पैसे भरणार होता आणि ग्राहकास ते ॲप फुकट चालणार होते. फ्लिपकार्ट या योजनेच्या वाटेवर असल्याचे कळताच तिच्या ॲपवर एकेका ताऱ्याचा असा वर्षाव झाला की कंपनीने आठवडाभरातच माघार घेतली. जनतेला आपल्या बोटातील सामर्थ्याचा साक्षात्कार झाला, आणि बोट एकदा सामर्थ्यवान झाले की ते कोठे पडेल याचा नेम राहत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमिर खान यांच्या एका वक्तव्यावर नाराज झालेल्यांनी, ते स्नॅपडील या खरेदीच्या ॲपची जाहिरात करीत असल्याने, त्या ॲपला एक तारा देऊन ते फोनवरून काढून टाकले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅट या निराळ्याच अमेरिकी कंपनीच्या प्रमुखांनी भारत गरीब देश असल्यामुळे तेथे व्यवसाय वाढवायचा नाही असे म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला, कंपनीने तो नाकारला, आणि संतप्त भारतीयांनी पुन्हा स्नॅपडीलच काढून टाकले. नावातील पहिला अर्धा भाग जुळला की राष्ट्राभिमानास पुरेसा असतो. आपण स्नॅपचॅट नाही असे निवेदन द्यावे लागेल याची कल्पना स्नॅपडीलच्या संस्थापकांनी कंपनी काढताना केलेली नव्हती, आणि त्यांनी ते तसे जाहीरपणे म्हटलेही. ते ॲप आधीच काढून टाकलेले असल्याने काही देशभक्तांना ते निषेधार्थ पुन्हा घेऊन पुन्हा काढावे लागले की काय, याचा कोणी शोध घेतलेला दिसत नाही.

मत देण्याच्या या परंपरेचा कळस मात्र ‘फ्री बेसिक्स’च्या प्रकरणात गाठला गेला. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह काही राज्यांत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ नावाची सेवा सुरू केली होती, जिच्यात निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न भरता पाहता येत. त्या निवडकांत फेसबुक होते, याचे कोणाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गूगल आणि यूट्यूब नव्हते, याचेही नाही. सप्टेंबरमध्ये सेवेचे नाव बदलून ‘फ्री बेसिक्स’ झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या अमेरिका-भेटीच्या निमित्ताने लाखो भारतीयांनी ‘डिजिटल इंडिया’च्या समर्थनार्थ आपल्या फेसबुकवरील चेहऱ्यावर तिरंगा चढवला, मग कोणा चिकित्सकास त्या सोयीच्या संगणकीय आज्ञावलीत इंटरनेट डॉट ऑर्गचे नाव सापडले, आणि आपण देशास पाठिंबा दिला की कंपनीस, या शंकेने लाखो तिरंगी चेहरे फिके पडले. अभियंत्याने घाईत दिलेले ते नाव आहे, त्याचा अर्थ काही नाही, असा खुलासा फेसबुकने केला.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने नवी पत्रिका काढली. पूर्वानुभवाने शहाणी होऊन या वेळी तिने फक्त चार प्रश्न ठेवले. फोन कंपन्यांना वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावू द्यावेत काय, हा पहिला. द्यावेत असे म्हणणे असल्यास भेदभाव होऊ नये म्हणून काय करावे, हा दुसरा. असे दर न लावता लोकांना फुकट इंटरनेट देण्याचा अन्य मार्ग कोणता, हा तिसरा. आणि याखेरीज आणखी काही सांगायचे आहे काय, हा चौथा. सभांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ या नावाने परिचित असलेला हा चौथा प्रश्न मराठी माणसाच्या खास आवडीचा असून, पुष्कळदा त्याचे उत्तर तेथूनच सुरू होते व तेथेच मुदत संपते.

फेसबुकने विचार केला की कार्यकर्त्यांना तयार पत्र धाडता येते, तर आपण तर पत्रे धाडण्याच्याच धंद्यात आहोत. लवकरच कोट्यवधी भारतीयांना फेसबुक उघडताच ‘फ्री बेसिक्स वाचवा’ असे आवाहन दिसू लागले. खाली ट्रायला जाणारा मजकूर तयार होता आणि एक बटण होते. ते दाबले की मित्रांना कळवले जाई की अमक्याने दाबले, तुम्ही केव्हा दाबता? समोरच्या बाजूस ‘इंटरनेट वाचवा’ म्हणणाऱ्यांचेही तयार पत्र सिद्ध होतेच. नागरिकापुढे निवड अशी होती की आपले स्वतंत्र मत कोणाकडून लिहून घ्यायचे. आवाहन चुकून अमेरिका व ब्रिटनमधील लोकांनाही दिसले, आणि भारतातील दूरसंचार दरांविषयी ज्यांना जन्मात कधी चिंता वाटली नव्हती अशा गोऱ्या मंडळींनाही ट्रायला पत्र लिहिण्याची संधी लाभली.

या काळात घराघरांत पुढील प्रकारचा संवाद ऐकू येई.

“मामंजी, तुम्ही फ्री बेसिक्सला पाठिंबा दिलात?”

“मी? कोणाला?”

“हे बघा ना, तुमच्या नावानं मला आलंय.”

“अगं, मी रामभाऊंच्या नातवाच्या बारशाचे फोटो बघत होतो. मध्ये काहीतरी आलं, ते बाजूला सारलं.”

“बाजूला सारण्याचं बटण दुसरं होतं.”

“असेल. मग आता माझं मत काय झालं?”

मामंजींचे मत दिल्लीस पोहोचले होते.

ज्यांच्या हातून बटण दाबले गेले नाही त्यांच्यासाठी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. फ्री बेसिक्स वाचवण्यासाठी इंटरनेटवरील जगातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीला छापील कागदाचा आश्रय घ्यावा लागावा, ही घटना वृत्तपत्रांच्या व्यवस्थापकांनी डोळे पुसत स्वीकारली. २८ डिसेंबरला फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला, आणि त्यात महाराष्ट्रातील गणेश नावाच्या शेतकऱ्याचा दाखला दिला, ज्यास फ्री बेसिक्समुळे पावसाळ्याच्या तयारीसाठी हवामानाची माहिती मिळाली, बाजारभाव कळले आणि तो आता नव्या पिकांत व जनावरांत पैसे गुंतवीत होता. हा गणेश महाराष्ट्रात कोठे राहतो याविषयी येथील शेतकऱ्यांत साहजिकच कुतूहल निर्माण झाले. २०१५ हे मराठवाड्यातील सलग दुसरे दुष्काळी वर्ष होते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. हवामानाची माहिती फुकट होती हे खरेच. पाऊस त्या योजनेत समाविष्ट नव्हता. बाजारभाव कळण्याबद्दलही शेतकऱ्याची फारशी तक्रार कधी नसते, भाव त्यास नेहमीच वेळेवर आणि अचूक कळतो, व त्यानंतरच तो डोक्यास हात लावतो.

जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने टपाल मोजले. सुमारे २४ लाख प्रतिसाद होते, पैकी १८.९४ लाख फ्री बेसिक्सच्या बाजूचे, एका साच्यातले. अडचण एवढीच होती की चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांत नव्हते. पाठवणाऱ्यांनी आपण फ्री बेसिक्सच्या पाठीशी आहोत असे कळवले होते आणि ट्रायने तर फ्री बेसिक्स हे नावही प्रश्नांत घेतले नव्हते. प्रश्नपत्रिकेत ‘पाण्याचे महत्त्व’ विचारले असता पाठ केलेला ‘माझा आवडता सण’ लिहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा अनुभव असलेल्या शिक्षकवर्गास हे नवे नाही, परंतु येथे एकाच वर्गात १९ लाख विद्यार्थी होते. ट्रायने फेसबुकला पत्र लिहिले की आपल्या लोकांना मूळ चार प्रश्न दाखवा व त्यांची उत्तरे मागवा. फेसबुकने तक्रार केली की आमच्या वापरकर्त्यांचे लाखो संदेश तुमच्या पेटीत शिरलेच नाहीत, कारण तुमच्याकडील कोणीतरी ते घेणेच बंद केले. ट्रायने पुन्हा पत्र लिहून सुनावले की विचारविनिमयाची ही प्रक्रिया म्हणजे डोकी मोजण्याचा घडवून आणलेला कौल नव्हे. एका बाजूस अब्जावधी लोकांचे संदेश क्षणार्धात पोहोचवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूस सबंध देशाचे दूरसंचार सांभाळणारे प्राधिकरण, आणि दोघांत वाद कशाचा, तर टपाल पोहोचले की नाही याचा. डाक विभागातील निवृत्त कर्मचाऱ्यांनी या पत्रव्यवहाराकडे समाधानाने पाहिले असणार.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निकाल दिला: संकेतस्थळ पाहून दर ठरवता येणार नाहीत. हा नियम मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंड. धनाढ्य फोन कंपन्यांना जरब बसवण्यासाठी ठरवलेल्या या रकमेत मुंबईच्या उपनगरात एक बरी खोली मिळणे कठीण आहे, परंतु कंपन्या दंडास नव्हे तर नाचक्कीस भितात असे म्हणतात, आणि फेसबुकने सेवा बंद केली हे खरे. दोनच दिवसांनी फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी ट्विटरवर लिहिले की वसाहतवादाच्या विरोधाने भारतीयांचे अनेक दशके आर्थिक वाटोळे केले आहे, मग आताच का थांबायचे? जी मंडळी गेला महिनाभर फ्री बेसिक्स फायद्याचे की तोट्याचे यावर डोकेफोड करीत होती, त्यांच्या शंकांचे या एका वाक्याने निरसन झाले. अँड्रीसन यांनी वाक्य मागे घेऊन क्षमा मागितली, झुकरबर्ग यांनीही त्याबद्दल नापसंती कळवली, पण ईस्ट इंडिया कंपनीवरील विनोद तोवर गावोगाव पोहोचले होते. आणि ते ज्या माध्यमातून पोहोचले त्याची, म्हणजे व्हॉट्सॲपची, मालकी २०१४ पासून फेसबुककडे होती.

नागरिक विजयी झाले होते. फुकटाच्या मोहास बळी न पडता त्यांनी तत्त्वासाठी लढा दिला होता, आणि या तत्त्वनिष्ठेची कसोटी सातच महिन्यांनी लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी मुकेश अंबानी यांची ‘जिओ’ सेवा सुरू झाली आणि तिच्यात सगळे इंटरनेट डिसेंबरअखेर, व नंतर वाढवून मार्चअखेर, फुकट मिळू लागले. येथे सगळीच संकेतस्थळे फुकट असल्याने भेदभाव नव्हता, म्हणजे तत्त्वाचा भंग नव्हता, म्हणजे रांगेत उभे राहण्यास हरकत नव्हती. सिमकार्डाच्या रांगेत नागरिकांनी अंगठे टेकून आपली ओळख पटवली, आणि ‘इंटरनेट वाचवा’वाले व ‘फ्री बेसिक्स वाचवा’वाले एकमेकांच्या मागे उभे राहिले, आणि रांग पुढे का सरकत नाही यावर त्यांचे प्रथमच मनापासून एकमत झाले. पुढे २२ एप्रिल २०२० रोजी फेसबुकने जिओच्या व्यवसायात ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून ९.९९ टक्के वाटा घेतला. धाकट्या अंबानी बंधूंच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या दारातून जो पाहुणा ट्रायने परतवला, तो चार वर्षांनी थोरल्या भावाच्या ओसरीवर पाट मांडून बसला. ट्रायला विचारण्याची गरज नव्हती, कारण पाहुणा कोणत्या संकेतस्थळाचा दर विचारीत नव्हता. त्याच महिन्यात नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण येथील गृहिणींना व्हॉट्सॲपवरून जिओमार्टकडे किराणा मागवण्याची सोय प्रयोगादाखल करून देण्यात आली, आणि टाळेबंदीत दूध-डाळ मिळण्याची पंचाईत असताना कोणत्याही गृहिणीने नेट न्यूट्रॅलिटीचा प्रश्न उपस्थित केला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या गोपनीयतेच्या अटी बदलल्याची व त्या ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करण्याची सूचना दिली, तेव्हा मात्र समाज पेटला. इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल’ वापरा असे दोन शब्दांत सुचवताच लोक तिकडे धावले. काही गुंतवणूकदार तर टेक्ससमधील ‘सिग्नल ॲडव्हान्स’ या भलत्याच छोट्या कंपनीच्या समभागांवर तुटून पडले, जिचा या ॲपशी काही संबंध नव्हता. स्नॅपडीलच्या चाहत्यांस येथे अमेरिकी बांधवांविषयी आपुलकी वाटावी. भारतात प्रस्थानाचा विधी ठरून गेला होता: प्रथम व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटावर आपण व्हॉट्सॲप सोडत असल्याचे जाहीर करायचे, मग त्यावर आलेल्या प्रतिक्रिया पाहण्यासाठी थांबायचे, त्या पाहता पाहता कोणाचा तरी वाढदिवस निघायचा. १५ जानेवारीस गर्दी न सोसून सिग्नल काही काळ बंद पडले, आणि निर्वासितांनी ही बातमी एकमेकांना व्हॉट्सॲपवर दिली. सोसायटीच्या सचिवांनी एका सदस्यास विचारले, “तुम्ही गेला होतात ना?” सदस्य म्हणाले, “गेलो होतो. पण पाणी किती वाजता जाणार ते तिकडे कळत नाही.” मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने फेब्रुवारीत व्हॉट्सॲपला बजावले की तुम्ही कितीही लाख कोटींची कंपनी असा, लोकांना आपली गोपनीयता पैशापेक्षा मोलाची वाटते. न्यायालयाच्या या विश्वासास पात्र ठरण्यासाठी लोकांनी ते वृत्त जास्तीत जास्त गटांवर पुढे पाठवले. अटी मान्य करण्याची मुदत मेपर्यंत लांबली, आणि मे महिन्यात काय झाले हे कोणाच्या लक्षात नाही.

सरकारला थेट पत्र पाठवण्याचा मार्ग त्यामानाने खडतर आहे. २०२० साली पर्यावरणीय परिणामांच्या नव्या नियमांच्या मसुद्यावर तरुणांनी केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना तयार ई-मेल धाडले, तेव्हा टपाल फार येते या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी एका तरुण-संघटनेच्या संकेतस्थळाबाबत नोटीस काढली आणि तिच्यात दहशतवादविरोधी कायद्याचे कलम घातले. पुढे कलम चुकून पडले असे सांगून ती मागे घेतली. तेव्हाचे मंत्रिमहोदय प्रकाश जावडेकर हे पुण्याचे. मत देण्याची सवय असलेल्या शहरातून आलेल्या माणसास ते घेण्याचा सराव नसणे क्षम्य आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचे नियम जानेवारी २०२५ मध्ये मसुद्याच्या रूपाने आले, तेव्हा सूचना सरकारच्या संकेतस्थळावर पाठवायच्या होत्या आणि त्या कोणालाही दाखवल्या जाणार नाहीत अशी हमी होती. दहा वर्षांपूर्वी मतासोबत पत्ताही चव्हाट्यावर आला होता, आता मतही गुप्त राहिले. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत कोणाची सूचना शिरली हे ज्याचे त्याने ओळखायचे आहे.

ट्रायच्या पत्रिका अजूनही निघतात. उत्तरांसाठी साधारणतः चार आठवडे आणि इतरांच्या उत्तरांवर टीका करण्यासाठी आणखी दोन आठवडे मिळतात. दुसऱ्याच्या उत्तरावर टीका करण्याची अधिकृत मुदत देणारी दुसरी सोय मराठी माणसाला या देशात सहजासहजी मिळणार नाही, तरीही तिचा लाभ घेतात ते फोन कंपन्यांचे पगारी वकील, कारण प्रश्न वाचायला त्यांना पैसे मिळतात. वाचकांपैकी ज्यांना या कंपन्यांविषयी ठाम मत आहे, म्हणजे सर्वांनीच, पुढची पत्रिका आल्यावर निदान पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत लिहावीत, आणि मगच आयत्या वेळच्या विषयांकडे वळावे, अशी विनंती आहे.